घर ज्याचे त्याचे, अंगण कोणाचे?

राज्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचा कारभार कोणत्या नियमांनी चालावा, याचा एक सविस्तर मसुदा महाराष्ट्र शासनाने २०२५ साली प्रसिद्ध केला आणि त्यावर जनतेच्या हरकती व सूचना मागविल्या. थकबाकीवरील व्याजाची कमाल मर्यादा द. सा. द. शे. २१ वरून १२ वर आणणे, सर्वसाधारण सभेस दूरस्थ साधनांनी उपस्थित राहण्याची सोय करणे, पुनर्विकासासाठी कर्ज उभारण्यास वाव देणे, अशा अनेक गोष्टी त्या मसुद्यात होत्या. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांकरिता 'तेरा-ब' हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्या प्रकरणाला नियमांची जोड देणे, हा या खटाटोपाचा हेतू. राज्यातील सहकारी संस्थांपैकी निम्म्याहून अधिक संस्था गृहनिर्माणाच्या आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या विषयाची व्याप्ती ध्यानात येते.

मसुद्यातील हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु अमरावतीच्या साईनगरात किंवा अकोल्याच्या कौलखेडात राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाने अथवा कारकुनाने तो मसुदा हाती घेतला, तर आपल्या घराचे चित्र त्याला त्यात अंधुकच दिसेल. कारण त्याचे घर बहुधा बहुमजली इमारतीतील सदनिका नसून ले-आऊटमधील एका प्लॉटवर उभे आहे. त्याचा वाद उद्वाहनाच्या खर्चाचा नाही. तो ले-आऊटमधील मोकळ्या जागेचा आहे, अंतर्गत रस्त्याचा आहे, सामायिक बोअरचा आहे आणि या साऱ्याची मालकी कोणाच्या नावे लागली आहे, याचा आहे. घर ज्याचे त्याचे हे ठरलेले. अंगण कोणाचे, हे मात्र ठरलेले नाही. राज्याचा गृहनिर्माणविषयक कायदा आजवर प्रामुख्याने घराचा विचार करीत आला. वऱ्हाडाला गरज आहे ती अंगणाच्या कायद्याची.

मुंबईच्या साच्यातला कायदा

कायद्याला हे वळण का लागले, याचे उत्तर इतिहासात आहे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रणेते. भाड्याच्या खोल्यांत दिवस काढणाऱ्या मध्यमवर्गाने एकत्र यावे, संस्थेने जागा घ्यावी, इमारत बांधावी आणि सभासदाने भाडेकरू व मालक या दोन्ही नात्यांनी तीत राहावे, अशी ती कल्पना होती. 'भाडेकरू सहभागीदारी' हा कायद्यातील शब्द या कल्पनेतूनच आला. जमीनही संस्थेची आणि इमारतही संस्थेचीच. सभासदाकडे भागपत्र आणि त्यासोबत येणारा राहण्याचा हक्क.

पुढे बांधकाम व्यावसायिक पुढे आले. ते स्वतः इमारत बांधून सदनिका विकू लागले. पैसे घेऊन ताबा न देणे, कबूल केलेल्या नकाशात परस्पर बदल करणे, जमिनीचे हस्तांतरण वर्षानुवर्षे टाळणे, अशा तक्रारींचा ढीग पडला, तेव्हा १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अधिनियम झाला. विकासकाने खरेदीदारांची संस्था नोंदवून द्यावी आणि जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करून द्यावी, असे बंधन त्याने घातले. बंधन कागदावर राहिले. तेव्हा २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली. विकासक वा जमीनमालक खत करून देत नसेल, तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा आणि त्याच्या आदेशाने मालकी एकतर्फी आपल्या नावे करून घ्यावी, असा हा उपाय. हजारो सदनिकाधारकांच्या दृष्टीने तो मोलाचा ठरला.

या साऱ्या कायद्यांच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट घर होते. दाट वस्तीच्या महानगरातील, एकावर एक रचलेले, भिंतीला भिंत लागलेले. अमरावती आणि अकोला या शहरांची वाढ मात्र त्या रीतीने झालेली नाही.

वऱ्हाडी शहराचे अंग

वऱ्हाडातील जमिनीच्या व्यवस्थेची परंपराच निराळी. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलेला हा प्रदेश १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला होता. तो १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. अभिलेखांची भाषादेखील त्यामुळे निराळी राहिली. पुण्यामुंबईकडे जिला मिळकत पत्रिका म्हणतात, ती येथे आखीव पत्रिका असते. शहरांच्या मध्यभागी नझूलच्या जमिनी असतात, त्यांचे पट्टे असतात आणि त्या पट्ट्यांच्या नूतनीकरणाचे प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालू राहतात. नागपूर आणि अमरावती या दोनच महसुली विभागांतील नझूल जमिनींसाठी शासनाला २०२४ साली विशेष अभय योजना आणावी लागली, यावरून हे वेगळेपण किती खोलवर गेले आहे, हे दिसते.

शहराची वाढ झाली ती शेतातून. शेतकऱ्याने शेत विकले किंवा स्वतःच पाडले. त्यात तीस बाय पन्नासचे प्लॉट आखले गेले. मधून रस्ते सोडले. कोपऱ्यात एक मोकळी जागा दाखविली आणि ले-आऊट उभे राहिले. काही ठिकाणी हे काम नोकरदारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांनी केले. शिक्षक कॉलनी, बँक कॉलनी, पोस्टल कॉलनी अशी नावे आजही त्या काळाची साक्ष देतात. पगारातून हप्ते भरून शिक्षकांनी, कारकुनांनी, पोस्टातल्या माणसांनी प्लॉट घेतले आणि मुलांची शिक्षणे उरकल्यावर, भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून, त्यावर घरे बांधली. अमरावती व बडनेरा मिळून १९८३ साली महापालिका झाली. अकोल्याची महापालिका २००१ साली झाली आणि २०१६ साली मलकापूर, खडकी, शिवणी यांच्यासह भोवतालची चोवीस गावे तिच्या हद्दीत आली. म्हणजे शेकडो ले-आऊट ग्रामपंचायतीच्या वा नगरपरिषदेच्या अमदानीत पडली, आणि त्यांचा हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा दप्तर दुसऱ्याच कार्यालयात गेलेले होते.

अशा ले-आऊटमधील चित्र साधारणतः एकसारखे असते. प्लॉटची रजिस्ट्री होते, फेरफार होतो, घर उभे राहते. रस्ता आणि मोकळी जागा मात्र मूळ मालकाच्या नावेच अभिलेखात पडून असते. कोणी म्हणतो ती महापालिकेची. महापालिका म्हणते, ती आमच्याकडे हस्तांतरित झालेली नाही. दहा-पंधरा वर्षांनी मूळ मालकाचे वारस येतात आणि सातबाऱ्यावर आमचेच नाव आहे, असे सांगतात. दरम्यान त्या जागेवर कोठे मंदिर झालेले असते, कोठे समाजमंदिर, कोठे व्यायामशाळा, तर कोठे शेजारच्या घराचे कुंपणच चार हात पुढे सरकलेले असते. मुलांना खेळायला जागा उरत नाही, आणि तक्रार करावी तर ती करण्याचा अधिकार कोणाला, हाच पहिला वाद होऊन बसतो.

सदनिकेला मिळाले, प्लॉटला नाही

नियमांत तरतूद नाही, असे नव्हे. २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के क्षेत्र मोकळे ठेवावे लागते. तत्पूर्वीच्या नियमांतही मोकळ्या जागेची अट होतीच. परंतु जागा 'ठेवणे' ही एक गोष्ट आणि ती रहिवाशांच्या नावे 'करून देणे' ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. पहिलीसाठी नगररचनेचा नियम आहे. दुसरीची सक्ती करणारा उपाय जुन्या ले-आऊटमधील सामान्य प्लॉटधारकाच्या हाती नाही.

कारण स्पष्ट आहे. १९६३ चा अधिनियम सदनिकांचा आहे. त्यावर आधारलेले मानीव अभिहस्तांतरण इमारतीसाठी आहे. केवळ प्लॉट पाडून विकलेल्या ले-आऊटला ते लागू होत नाही. सदनिकाधारक जिल्हा उपनिबंधकाकडे जाऊन काही महिन्यांत आपली जमीन मागू शकतो. प्लॉटधारकाला मोकळ्या जागेसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तिथला काळ वर्षांत मोजावा लागतो. २०१६ चा केंद्रीय स्थावर संपदा अधिनियम प्लॉटच्या प्रकल्पांनाही लागू आहे, ही जमेची बाजू. त्याखाली १ मे २०१७ पासून राज्यात महारेरा प्राधिकरण काम करू लागले. सामायिक क्षेत्र रहिवाशांच्या संघाकडे हस्तांतरित करण्याचे बंधन या अधिनियमात आहे. परंतु त्यापूर्वीच पूर्ण होऊन गेलेल्या ले-आऊटना त्याचा उपयोग नाही, आणि वऱ्हाडी शहरांचा मोठा भाग तत्पूर्वीच वसलेला आहे.

गुंठेवारीची कथा तर याहून करुण. शेतजमिनीचे बेकायदा तुकडे करून विकलेल्या या प्लॉटना नियमित करण्यासाठी २००१ साली अधिनियम झाला. १ जानेवारी २००१ ही त्याची मूळ कालमर्यादा. २०२१ साली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. नियमितीकरणाने घराला कागद मिळतो, बँकेचे कर्ज मिळते, हे खरे. पण जेथे तुकडे पाडतानाच मोकळी जागा सोडली गेली नाही, तेथे ती कोणताही कायदा आता निर्माण करू शकत नाही. प्रत्येक मुदतवाढ गरजूला दिलासा देते आणि त्याच वेळी पुढच्या प्लॉट पाडणाऱ्याला धीरही देते.

२०१९ च्या प्रकरणात गृहनिर्माण संस्थेच्या व्याख्येत मोकळ्या भूखंडांच्या संस्थांचाही समावेश आहे. म्हणजे दार उघडे आहे, पण आतल्या खोल्या सदनिकेच्या मापाने बांधलेल्या आहेत. देखभाल आकार, घसारा, गळती, वाहनतळ यांचे बारकावे तेथे भरपूर. ले-आऊटमधील रस्त्याचे डांबरीकरण संस्थेने करायचे की महापालिकेने, एकाच जागेसाठी महापालिकेचा कर आणि संस्थेची वर्गणी असा दुहेरी भार सभासदाने का सोसावा, सर्व प्लॉट विकले गेल्यावर संस्थेचे प्रयोजन काय उरते, या प्रश्नांना त्यात ठळक उत्तर नाही. परिणामी प्लॉटवाटप संपले की संस्था निद्रिस्त होते. लेखापरीक्षण थांबते, सभा होत नाही, आणि अखेरीस ती अवसायनात निघते. मोकळ्या जागेचा रखवालदारच नाहीसा होतो.

दोन पाट्या, दोन न्याय

गेल्या दोन-तीन दशकांत अमरावतीच्या राजापेठ, रुक्मिणीनगर भागांत आणि अकोल्याच्या जठारपेठ, गोरक्षण रोड परिसरात इमारतीही उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळशा लहान, सहा-आठ सदनिकांच्या. येथे दुसराच घोळ आढळतो. विदर्भात अशा अनेक इमारती सहकारी संस्था म्हणून नोंदल्या जात नाहीत. विकासक १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियमाखाली घोषणापत्र करतो, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवितो आणि प्रत्येकाला अपार्टमेंट डीड करून देतो. खरेदीदाराला वाटते, आपण 'सोसायटी'त राहतो. वस्तुतः तो निराळ्याच कायद्याच्या छत्राखाली असतो.

दोन्हींत भेद मोठा आहे. सहकारी संस्थेत जमीन व इमारत संस्थेची. अपार्टमेंटमध्ये सदनिका ज्याची त्याची आणि जमिनीत अविभक्त हिस्सा. संस्थेत एक सभासद, एक मत. अपार्टमेंटमध्ये मताचे वजन घोषणापत्रातील टक्केवारीवर. ज्याची सदनिका मोठी, त्याचे मतही जड. हस्तांतरण सुलभ, कार्यालयीन सोपस्कार कमी, म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली आणि तिचे हे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु आठांपैकी दोघांनी वर्गणी देणे थांबविले, म्हणजे खरी परीक्षा होते. सहकारी संस्था निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल होऊ शकते. अपार्टमेंटच्या बाबतीत थकलेली रक्कम त्या सदनिकेवर बोजा ठरते, असे कायदा सांगतो. मात्र तो बोजा रोख पैशांत उतरवणे हे निवृत्त शिक्षकाच्या आटोक्यातले काम नव्हे. गेल्या काही वर्षांतील दुरुस्त्यांनी निबंधकाकडे जाण्याची वाट थोडी उघडली असली, तरी ती वाट अजून सरावाची झालेली नाही.

पूर्वी दहा सभासदांखेरीज गृहनिर्माण संस्था नोंदविता येत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने ती संख्या पाचावर आणली. वऱ्हाडातील लहान इमारतींसाठी ही सुधारणा फार उपयोगाची होती. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना महारेराच्या नोंदणीतून सूट आहे. मुंबईत असे प्रकल्प अपवाद असतील. अमरावती-अकोल्यात ते सर्रास आढळतात. म्हणजे जेथे खरेदीदार सर्वांत एकाकी आहे, नेमके तेथेच संरक्षण विरळ होते.

राखीव निधीचा धडा

मसुद्यात आणखी एक बाब होती, जिच्याकडे वऱ्हाडातील वाचकाने विशेष लक्ष द्यावे. बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा करावी, ही आदर्श उपविधीतील जुनीच अपेक्षा मसुद्याने पुढे नेली. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी, असेही उपविधी सांगतात. किती संस्था हे पाळतात, हे प्रत्येक सभासदाने आपापल्या इमारतीपुरते स्वतःलाच विचारून पाहावे. महिना दोनशे रुपये वाढविण्याचा ठराव सभेत आला की भलेभले मौन धरतात, आणि रंगरंगोटीवर समाधान मानले जाते.

या मौनाची किंमत काय असते, हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने पाहिले. सर्फसाइड येथील समुद्रकाठची बारा मजली निवासी इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे कोसळली आणि ९८ माणसे दगावली. दुरुस्तीची निकड तज्ज्ञाने आधीच सांगितली होती. खर्चावरून सदनिकाधारकांत वर्षानुवर्षे वाद चालला होता. त्या राज्याने २०२२ साली कायदा करून जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची केली आणि राखीव निधी बहुमताने माफ करून घेण्याची मुभा बऱ्याच अंशी काढून घेतली. पुढे हा भार निवृत्त लोकांना पेलवेना, म्हणून काही सवलती द्याव्या लागल्या. अर्थात सक्तीलाही मर्यादा असतात; परंतु निधी साठविण्याची सवय वेळीच लागली असती, तर सक्तीची वेळच आली नसती.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. अमरावतीत प्रभात चौकातील एक जुनी इमारत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळून पाच जणांचा बळी गेला. ती गृहनिर्माण संस्थेची इमारत नव्हती, व्यापारी वापरातील होती. तथापि वऱ्हाडातील काळ्या मातीवर, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आणि पावसाळ्यात भिजणाऱ्या भिंतींना वय नसते, असे समजणाऱ्या सर्वांनाच तो इशारा होता. काळी माती उन्हात आकसते, पाण्याने फुगते आणि पाया हलविते, हे येथील गवंडीही जाणतो. संस्थेच्या चिटणीसाने ते जाणण्यास हरकत नसावी.

कायद्याचा अतिरेक नको, हेही खरे

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सहकार हा स्वेच्छेचा व्यवहार. त्याला नियमांच्या साखळदंडांनी जखडले, तर त्यातील प्राणच जाईल, असे अनेक अनुभवी कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. सत्याण्णवावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये अंमलात आल्यावर, २०१३ साली राज्याचा सहकार कायदा बदलण्यात आला. साखर कारखान्याला जे नियम, तेच वीस घरांच्या गृहनिर्माण संस्थेला लागू झाले. निवडणुकीचे सोपस्कार, तिचा खर्च, कमिटीवर कोणी यायलाच तयार नाही, अशी अवस्था, या साऱ्यांनी लहान संस्था हैराण झाल्या. त्या घटनादुरुस्तीचा राज्यांतील सहकारी संस्थांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी रद्द ठरविला, कारण तिला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची आवश्यक संमती घेतली गेली नव्हती. तत्पूर्वीच २०१९ चे स्वतंत्र प्रकरण आले होते आणि लहान गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा मिळाली होती.

या अनुभवाचा बोध इतकाच की, कायदा मापाचा हवा. मोठ्या संस्थेचा अंगरखा लहानीला घातला, तर तिला चालताच येत नाही. उलट मुंबईच्या इमारतीच्या मापाचा सदरा अकोल्याच्या ले-आऊटला घातला, तर अंगाचा अर्धा भाग उघडाच राहतो. नियम थोडे असले तरी चालतील, पण ते जेथे दुखते तेथे लागू पडले पाहिजेत.

काय व्हावयास हवे

या दृष्टीने काही गोष्टी शासनापुढे आग्रहाने मांडल्या पाहिजेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद ले-आऊटमधील मोकळ्या जागा आणि अंतर्गत रस्ते यांना लागू करावी. मंजूर नकाशा, प्लॉटधारकांची यादी आणि मूळ मालकाला नोटीस, एवढ्यावर ती जागा रहिवाशांच्या नोंदणीकृत संस्थेच्या अथवा महापालिकेच्या नावे आखीव पत्रिकेत चढावी. नव्या ले-आऊटच्या बाबतीत ही नोंद झाल्याखेरीज शेवटच्या काही प्लॉटची विक्रीच होऊ नये.

दुसरी गोष्ट न्यायाच्या दाराची. सोसायटी असो वा अपार्टमेंट, सामायिक वर्गणी, हिशेब आणि सभा यांविषयीच्या तक्रारी एकाच प्राधिकाऱ्यापुढे, एकाच मुदतीत सुटाव्यात. खरेदीच्या वेळीच विकासकाने ग्राहकाला लेखी, मराठीत आणि सोप्या शब्दांत सांगावे, की त्याची इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदली जाणार आहे आणि त्यामुळे त्याला कोणते हक्क मिळणार आहेत, कोणते मिळणार नाहीत.

तिसरी गोष्ट लहान संस्थांची. त्यांच्यासाठी हिशेबाचा एक पानी नमुना, माफक शुल्काचे लेखापरीक्षण आणि निद्रिस्त प्लॉटधारक संस्थांचे पुनरुज्जीवन करण्याची सोपी पद्धत असावी. अवसायनात निघालेल्या संस्थेची मोकळी जागा कोणाकडे जाईल, हे आधीच ठरलेले असावे.

चौथी गोष्ट सूचना मागविण्याच्या पद्धतीची. अमरावती हे विभागाचे मुख्यालय आहे. सहकार खात्याचे विभागीय सहनिबंधक तेथे बसतात. सबंध राज्याला लागू होणाऱ्या मसुद्यावर अमरावतीत आणि अकोल्यात प्रत्यक्ष सुनावणी घेणे अशक्य नाही. मसुदा राजपत्रात छापला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचला, हे गृहीत धरणे ही कार्यालयीन समजूत आहे.

रहिवाशांचा वाटा

हे सारे शासनाने केले, तरी अर्धेच काम होईल. अंगणाचा प्रश्न मुळात नागरिकांच्या मनोवृत्तीचाही आहे. उंबरठ्याच्या आतले ते आपले आणि बाहेरचे ते सरकारचे, ही विभागणी येथे फार खोल रुजली आहे. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे; दोन्ही शहरांत पाण्याचा खंड पडला की सामायिक बोअर हा ले-आऊटचा आधार असतो. अकोल्याच्या बाजूला, खारपाणपट्ट्याच्या सान्निध्यात, गोडे पाणी लागलेली बोअर म्हणजे केवढे भाग्य. परंतु तिच्या पंपाची दुरुस्ती करायची वेळ आली की वर्गणी गोळा करताना शेजारी शेजाऱ्याचे दार चुकवितो. असा शेजार असेल, तर उत्तम कायदाही त्याच्यापुढे हात टेकतो.

वऱ्हाडाला सामुदायिक जीवनाची परंपरा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. हातात खराटा घेऊन गावचा रस्ता आधी झाडणारे गाडगेबाबा याच भूमीत जन्मले आणि अमरावतीजवळ वलगाव येथे १९५६ साली त्यांचा देह पडला. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीता' लिहून सामुदायिक श्रमाचा विचार घरोघर नेला. त्यांची नावे चौकांना, शाळांना आणि कॉलन्यांना दिली गेली. त्या कॉलन्यांतील मोकळ्या जागा आज कोणाच्या नावे आहेत, हे मात्र विचारले जात नाही.

विचारणे कठीण नाही. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून आपल्या ले-आऊटचा मंजूर नकाशा आणि मोकळ्या जागेची आखीव पत्रिका अथवा सातबारा काढता येतो. दहा घरांनी मिळून तेवढे केले, तर निदान आपण कोठे उभे आहोत, हे कळेल. निबंधकाच्या कार्यालयात आपली संस्था जिवंत आहे की अवसायनात, हेही एका पत्राने समजते. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने आपले घोषणापत्र एकदा तरी वाचावे. त्यात आपल्या हिश्श्याची टक्केवारी लिहिलेली असते, आणि गच्ची, तळमजला, वाहनतळ यांवर विकासकाने काही हक्क स्वतःकडे ठेवला आहे काय, हेही त्यातच सापडते. ज्या शिक्षकांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना नागरिकशास्त्र शिकविले, ज्या कारकुनांनी आयुष्यभर इतरांची कागदपत्रे बिनचूक ठेवली, त्यांना आपल्याच दाराबाहेरच्या जागेचा कागद शोधणे जड जाऊ नये.

नियमांचे मसुदे येतील, दुरुस्त्या होतील, मुदती वाढतील. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. वऱ्हाडचे आमदार तेथे असतात. कापसाच्या भावाचा आणि सिंचनाच्या अनुशेषाचा प्रश्न ते तेथे मांडतात, तसाच ले-आऊटच्या मोकळ्या जागांचा प्रश्नही त्यांनी मांडावा, असे त्यांना सांगण्याचा अधिकार मतदाराला आहे. शेत गेले, त्याचे प्लॉट झाले, प्लॉटवर घरे झाली. त्या शेतातला जो दहावा हिस्सा सर्वांसाठी म्हणून नकाशावर हिरव्या रंगात दाखविला होता, तो प्रत्यक्षातही सर्वांचाच राहिला पाहिजे. एवढे साधले, तर नियमांतील बाकीची कलमे कमी-अधिक झाली तरी चालतील.